चार वाजताचा आकडा

बंदराच्या टोकाला, जिथे धक्का संपतो आणि नुसते दगड सुरू होतात, तिथे एक चौकोनी खोली आहे. दोन खिडक्या, एक दार, दाराबाहेर बावट्याची उंच काठी. आत टेबल, टेबलावर जाड पुठ्ठ्याची नोंदवही, आणि भिंतीवरच्या अरुंद लाकडी कपाटात पाऱ्याची लांब नळी. सामान म्हणावं तर एवढंच. पण नळीतला पारा काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय बंदरातली एकही होडी दोर सोडत नसे.

ऐकून सांगणारा माणूस एकच, छत्तीस वर्षं तोच. सकाळी दहाला आणि दुपारी चारला तो पारा वाचायचा, म्हणून सगळे त्याला दहाचार म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. दोर वळणारा म्हातारा त्याला धक्क्यावर येताना बघून घड्याळ लावायचा. एकदा घड्याळात आणि दहाचारमध्ये तीन मिनिटांचा फरक पडला, तर म्हाताऱ्यानं घड्याळ दुरुस्तीला टाकलं.

काम दिसायला सोपं होतं. आधी दोरीला बांधलेली कापडी बादली धक्क्यावरून समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं, सावलीत धरून त्यात तापमापक बुडवायचा आणि पाणी किती तापलंय ते लिहायचं. मग खोलीत येऊन कपाट उघडायचं. नळीवर नखानं हलकेच टिचकी मारायची, म्हणजे काचेला चिकटलेला पारा सैल होतो. मग गुडघे वाकवून डोळा बरोबर पाऱ्याच्या माथ्याशी आणायचा. डोळा वर राहिला तर आकडा खोटा, खाली गेला तरी खोटा. नोंद झाली की बाहेरच्या फळ्यावर खडूनं तोच आकडा लिहायचा. त्या वेळेला असायला हवा त्यापेक्षा पारा तीन अंशांनी खाली असला, तर लाल बावटा काठीवर चढवायचा. बावटा चढला की कुणी बाहेर जायचं नाही, राजा असो की रंक.

दहाचारला त्याच्या गुरूनं, म्हणजे आधीच्या वाचकानं, दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, एखादे दिवशी वाचायला जमलं नाही तर त्या चौकटीत आडवी रेघ मारायची. रिकाम्या चौकटीची लाज नसते. दुसरी, चूक झाली तर खोडायचं, पण झाकायचं नाही. आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही.

आता या गरम मुलखातल्या समुद्राची एक गंमत आहे. उन्हाळ्यात बघावं तर पाणी तापून तेलासारखं पडलेलं असतं. वारा मेलेला. ढग दुपारी क्षितिजावर उभे राहतात आणि संध्याकाळी आल्या पावली निघून जातात. माणसाला वाटतं, काही म्हणजे काही चाललेलं नाही. पण पाऱ्याला विचारा. हवा दिवसातून दोन वेळा श्वास घेते, झोपलेल्या म्हशीच्या कुशीसारखी. सकाळी दहाला पारा वर येतो, चारला खाली जातो, रात्री पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. महिनोन् महिने हा श्वास चुकत नाही. आणि चुकला, तर समजावं की दूर कुठेतरी तापलेल्या पाण्यावर काहीतरी गोल फिरायला लागलंय.

वर्षानुवर्षं तो श्वास ऐकून दहाचारला एक विद्या आली होती. न बघता तो आकडा सांगायचा. त्याच्या धंद्यात आकड्यातले हजार कुणी बोलत नाही, गृहीतच धरतात, एक हजार चारला नुसतं चार. तो डोळे मिटून म्हणायचा, “चार, दशांश तीन.” कपाट उघडून बघावं तर चार दशांश तीन, फार तर चार दशांश चार.

या विद्येचं सगळ्यात जास्त कौतुक त्याच्या मेव्हण्याला. मेव्हणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. बंदराबाहेर पाण्यात वाट दाखवणारी लोखंडी पिंपं तरंगत असतात, त्यांच्यावर दिवे असतात. ते दिवे सांभाळणं हे त्याचं काम. आठवड्यातून एकदा लांबच्या पिंपाकडे जावं लागे. साडेचारला लाँच सोडायची, अंधाराआधी पिंपापाशी पोचायचं, दिवा पुसून तेल भरून तिथेच नांगर टाकायचा आणि सकाळी परत. उंच, हसरा, बडबड्या माणूस. लाँचवर एकटाच असायचा, म्हणून किनाऱ्यावर आला की दोन माणसांचं बोलून घ्यायचा. नव्या माणसाला हाताला धरून तो खोलीपाशी आणायचा आणि म्हणायचा, “आमचे मेव्हणे बघा. यांच्या पोटातच पारा आहे. सांगा हो, काय म्हणतो?”

दहाचार वरवर रागवायचा. आतून त्याला बरं वाटायचं. बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही. जगात आपलं काही कौतुक होण्यासारखं असेल तर ते एवढंच, असं तो धरून चालला होता.

बावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी खोलीला चुना लावायला दोन रंगारी आले. त्यांनी टेबल मधोमध ओढलं, आणि कपाटावर शिंतोडे उडू नयेत म्हणून मोठं ओलं फडकं टाकून ते दोरीनं करकचून बांधलं. शिडी कपाटालाच टेकवली.

चारला पाच मिनिटं कमी असताना दहाचार बादली घेऊन पाण्याशी गेला. पाणी एकतीस अंशांच्याही वर होतं, बादलीत हात बुडवला तर अंघोळीचं वाटावं. वारा नव्हता. तरीही लाँच दोराला धरून वर-खाली होत होती, सावकाश, फार सावकाश. लांबून येणाऱ्या पाण्याचे रुंद उंचवटे धक्क्याखाली शिरत होते आणि दगडांतून दीर्घ उसासा टाकून परत जात होते. वारा नसताना लाट कुठून आली, हा विचार त्याच्या मनात आला. आला आणि थांबलाही. तेवढ्यात वरून हाक आली.

“मेव्हणे, आटपा. आज दोन वाती बदलायच्या आहेत, मला उशीर होतोय.”

दहाचार खोलीशी आला. एक रंगारी शिडीवर उभा होता. “अर्धा तास थांबा, मालक,” तो म्हणाला. “आता शिडी काढली तर भिंतीवर डाग राहील.”

“अर्धा तास कशाला?” मेव्हणा दारातून हसला. “तुम्हाला कधीपासून बघावं लागतं? हातच्या काकणाला आरसा कशाला? सांगा तोंडानं.”

रंगाऱ्यांनी मान वळवून बघितलं. न बघता सांगतो म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. दहाचारनं डोळे मिटले. ते मिटण्यात थोडा रुबाबही होता.

“चार, दशांश तीन,” तो म्हणाला.

त्यानं ते वहीत लिहिलं आणि फळ्यावरही. मेव्हण्यानं रंगाऱ्यांना डोळा मारला, धक्क्यावरून लाँचमध्ये उडी घेतली, आणि साडेचारला लाँच बंदराच्या तोंडातून बाहेर पडली. रंगारी सहाला गेले. दहाचारनं फडकं सोडून वाळत टाकलं. कपाट उघडलं नाही. त्या काळी चारनंतर पारा वाचायचा नेमच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं कपाट उघडलं तेव्हा पारा नऊशे ब्याण्णववर होता. छत्तीस वर्षांत त्यानं तो इतका खाली कधी बघितला नाही, ना त्याआधी ना त्यानंतर. त्यानं बावटा चढवला, पण तोवर वारा असा होता की बावटा बघायला कुणी बाहेर उभं राहू शकत नव्हतं. दुपारी वादळ किनाऱ्यावर आलं. बंदराची भिंत दोन ठिकाणी फुटली. लांबचं पिंप साखळीसकट चार मैल वाहत गेलं. लाँच सापडली नाही. मेव्हणाही नाही.

चौकशी झाली. मोठ्या कचेरीतून साहेब आले, त्यांनी नोंदवही उघडली आणि चार वाजताच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडा अगदी नेहमीचा होता. साहेब भला माणूस. धाकटीसमोर उभं राहून हळू आवाजात तो म्हणाला, “बाई, या वादळानं चाहूलच दिली नाही. कुणाचाच दोष नाही.”

दहाचार मागे उभा होता. ते वाक्य त्यानं ऐकलं आणि स्वतःचं वाक्य गिळलं. म्हटलं, उद्या सांगू. दुःख ताजं आहे, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं.

धाकटी भावाच्या घरी राहायला आली. हाताला काम हवं म्हणून तिनं जाड कापड शिवायला घेतलं. शिडं, छतं, मालावर घालायची आच्छादनं. दहाचारची कापडी बादलीही तीच शिवायची, दर उन्हाळ्यात एक नवी, दुहेरी टाक्यांची. घरात ती थोडंच बोले. पण कुणी बाई तिच्या नवऱ्याच्या नशिबाला दोष द्यायला लागली, किंवा कुणी म्हणालं की तिनं आपल्या माणसाला त्या दिवशी अडवायला हवं होतं, की धाकटी सुई खाली ठेवून म्हणायची, “माझा भाऊ पारा वाचतो. चारला पारा ठीक होता. त्या वादळानं चाहूल दिली नाही.” त्या वाक्यावर ती उभी होती. भिंतीला टेकून माणूस उभा राहतो तशी.

आणि दहाचारनं त्या दिवसापासून डोळे मिटून आकडा सांगणं सोडलं. कुणी गळ घातली तर म्हणायचा, “विसरलो मी ते.” नखाची टिचकी तो दोनदा मारी, आकडा तीनदा वाची. लोक म्हणत, म्हातारपणी माणूस चिकट होतो.

असाच बावीस वर्षांनी त्याचा निवृत्तीचा उन्हाळा आला. आणि मोठ्या कचेरीतून एक बाई आल्या, चाळिशीतल्या, चष्मा केसांत खोचलेल्या, हाताशी फोटो काढायचं यंत्र. सगळ्या जुन्या वह्यांची पानं टिपून न्यायची आणि कायमची जतन करायची, असं काम होतं. चार दिवस त्या पानं उलटत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक वही त्याच्यापुढे सरकवली.

“काका, हे पान ओळखलंत?”

त्यानं बघितलं. ओळखायला चष्मा लागला नाही.

“आमच्याकडे हे पान प्रसिद्ध आहे,” बाई म्हणाल्या. “त्या दुपारी या सबंध किनाऱ्यावर दुसरी कुणाची नोंदच नाही, फक्त तुमची. तुमच्या आकड्यावरूनच आम्ही मानतो की ते वादळ चार वाजेपर्यंत नव्हतंच. एका रात्रीत उठलं. पाणी इतकं तापलेलं असेल तर असं होतं, चाहूल न देता होतं, असं आम्ही नव्या मुलांना शिकवतो.”

“शिकवता?”

“हो तर. किती तास आधी बावटा चढवायचा याचे नवे नियम करताना हेच पान समोर ठेवलं होतं.”

दहाचार खुर्चीवर बसला. बाहेर समुद्र तेलासारखा पडला होता. आजवर त्याला वाटत होतं की ही गोष्ट त्याच्या आणि धाकटीच्या मधली आहे. घरातली आहे, घरातच मरेल. आता कळलं की ती बावीस वर्षं घराबाहेर हिंडत होती, आणि लोकांना वाट दाखवत होती.

“बाई,” तो म्हणाला, “हे पान आज टिपू नका. उद्या टिपा.”

“का हो?”

“उद्या सांगतो.” हा शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच चटका बसला.

घरी आला तेव्हा ऊन अजून होतं. धाकटी ओसरीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर या वर्षीची बादली. तळ शिवून झाला होता, काठ राहिला होता. तो समोर बसला.

“चहा ठेवू?” तिनं विचारलं.

“नको. धाकटे, त्या दिवशी चारला मी पारा बघितला नव्हता.”

सुई कापडात शिरली होती ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. दोरा ताणला गेला. कुठला दिवस, हे तिनं विचारलं नाही.

“फळ्यावर आकडा होता,” ती म्हणाली.

“मनानं लिहिला होता. कपाट बांधलेलं होतं, चुना लावत होते.”

“यांना माहीत होतं?”

“होतं. त्यांनीच म्हटलं, तोंडानं सांगा.”

“आणि तू सांगितलंस.”

“सांगितलं.”

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दोघंही सारखेच. एक मिरवणारा, एक मिरवून घेणारा.” तिनं बादली मांडीवरून खाली ठेवली. “मग पारा कुठे होता?”

“माहीत नाही.”

“बावटा चढला असता?”

“चढला असता. किंवा नसताही. बघितलंच नाही तर काय सांगू?”

“बावीस वर्षं विचार केला असशील की.”

“रोज केला. कधी वाटतं चढला असता, कधी वाटतं नाही. जे वाटतं त्याला काही किंमत नाही, धाकटे. वाटण्यानंच झालं ते सगळं.”

समोरच्या रस्त्यावरून कुणी हातगाडी ढकलत गेलं. गाडीचं चाक करकरत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं.

“आज का सांगतोस?” ती म्हणाली. “नोकरी संपत आली म्हणून? तुझं ओझं उतरलं, माझ्या डोक्यावर ठेवलंस. बरं केलंस.”

त्यानं बाईंचं बोलणं सांगितलं. पान, नवी मुलं, बावट्याचे नियम. “चाहूल दिली नाही, असं त्यांनी धरलंय. मी गप्प बसलो तर दुसऱ्या कुठल्या बंदरात दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहून असाच एखादा साहेब हेच वाक्य बोलेल.”

“मला त्या वाक्याचाच आधार होता, दादा.”

“माहीत आहे.”

“तेही घेतलंस.”

ती उठून आत गेली. बादली ओसरीवर राहिली, सुई काठात टोचलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची नोंद करून त्यानं बाईंसमोर जुनी वही उघडली. चार दशांश तीनवर एक रेघ ओढली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी आडवी छोटी रेघ मारली, म्हणजे वाचलं नाही. सही केली, आजची तारीख घातली. शेरा लिहायच्या जागी सावकाश लिहिलं: ‘पारा पाहिलेला नव्हता. आकडा अंदाजाने लिहिला. पाण्याचे तापमान मोजलेले आहे व खरे आहे. वारा नसताना लांबून येणाऱ्या संथ मोठ्या लाटा पाहिल्या, नोंदल्या नाहीत.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा केसांतून काढला, पुन्हा खोचला.

“काका, मग आमच्याकडे त्या दुपारचं काहीच उरत नाही.”

“काही नव्हतंच, बाई. पाणी होतं आणि लाटा होत्या. तेवढं घ्या.”

“तुमच्यावर चौकशी लागेल. निवृत्तीच्या तोंडावर.”

“लागू दे.”

बाईंनी शेऱ्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “त्या लाटांचं सविस्तर सांगाल? किती वेळानं एक येत होती?”

त्यानं डोळे मिटले, आणि लगेच उघडले. “लाँच दोराला वर-खाली होत होती. मी मोजलं नाही. जे मोजलं नाही ते सांगत नाही.”

दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना तो जुनी बादली घेऊन पाण्याशी गेला. परत आला तर दारात धाकटी उभी होती. बावीस वर्षांत ती या टोकाला आली नव्हती. हातात नवी बादली होती, काठ पुरा झालेला.

“कपाट कुठलं?” तिनं विचारलं.

त्यानं दाखवलं. तिनं आत येऊन ते उघडलं. नळीकडे ती बघत राहिली. आपल्या भावाचा सगळा जन्म ज्याच्याशी गेला ती गोष्ट मनगटाहूनही बारीक होती.

“कसं बघायचं?”

“आधी नखानं टिचकी मार. हलकेच. मग गुडघे वाकव. डोळा माथ्याशी आण. वर नाही, खाली नाही.”

तिला गुडघे वाकवायला वेळ लागला. हात पुढे करावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो टेबलापाशी पेन घेऊन बसला. घड्याळात चार वाजले. काय असेल ते त्याच्या अंगाला आपोआप कळत होतं, छत्तीस वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली होती. त्यानं जीभ दातांखाली धरली.

“मी तुला माफ केलंय असं समजू नको,” धाकटी पाऱ्याकडे बघतच म्हणाली.

“नाही समजत.”

“मला बघायचं होतं, किती वेळ लागतो ते.” ती आणखी थोडी वाकली. “काहीच वेळ लागत नाही.”

“नाही,” तो म्हणाला.

तिनं आकडा सांगितला. त्यानं तो लिहिला, उठून स्वतः एकदा वाचला, बरोबर होता. मग खडू घेऊन तो बाहेर फळ्याकडे गेला.

परत आत आला तेव्हा ती कपाट लावून भिंतीला हात टेकून उभी होती. भिंतीला किती थर चुना बसला होता कुणास ठाऊक, दर दोन-तीन वर्षांनी एक. तिनं हात काढला तर तळवा पांढरा झाला होता. तिनं तो झटकला नाही, पुसला नाही. नवी बादली टेबलावर ठेवली, जुनी उचलली, आणि तळवा तसाच उघडा धरून ती धक्क्यावरून घराकडे चालू लागली.